मध्यान्हपूर्व

यादी लागली सोमवारी, चहाच्या आधी.
मी एकोणीस. वनमाला चोगले वीस.
पद एकच रिकामं : अधीक्षक, परवाना कार्यालय, हर्णै.
खुर्चीचा एक हात मोडलेला,
तरी पद ते पद.

रुजू तारीख दोघांची एकच.
फक्त माझ्यापुढे म.पू., तिच्यापुढे म.नं.
तीस वर्षांची नोकरी
आणि फरक अर्ध्या दिवसाचा.

हरकत तिने मुदतीत नोंदवली.
निवड यादीत आपला क्रमांक वर होता, हे लिहिलं,
जन्मतारीख लिहिली, शासन निर्णय जोडला,
आणि विलंबाचं कारण : ओहोटी.
मला वाटलं, पुढे माझं नाव असेल.
पान उलटून पाहिलं. पाठ कोरी.

तेव्हा खाडीवर पूल नव्हता.
आंजर्ल्याहून होडी. होडीत आम्ही दोघं,
दोन पाट्या सुकट, आणि एक बोकड,
ज्याला कुठे चाललोय ते ठाऊक नव्हतं.
सप्तमी होती. तिथीची पाऊणपट केली
की पाण्याची वेळ निघते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं,
पण नेमणुकीचं पत्र हातात असलं
की माणूस पंचांग बघत नाही.
मधल्या वाळूवर होडी बसली.
नाखवा म्हणाला, "वाईच दम धरा, पानी येल."
एक वाजेपर्यंत येणार नव्हतं ते.

मी पँट गुडघ्यावर दुमडली,
आदेश दातांत धरला, उतरलो.
ती इस्त्रीच्या साडीत, मांडीवर प्रमाणपत्रांची पिशवी.
म्हणाली,
"साहेबांना सांगा हं, मी खाडीत आहे."

पावणेबाराला पोचलो.
पोटरीवर चिखल वाळत आलेला,
टाचेत कालवाची शिंप, फरशीवर रक्त.
हेडक्लार्क केळसकरांनी घड्याळ पाहून लिहिलं : म.पू.
फडकं दिलं. चहा मागवला. गाव विचारलं,
वडिलांचं नाव विचारलं.
आणखी कोणी यायचंय का, ते विचारलं नाही.

कोणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही :
हे वाक्य तीस वर्षं मसुदा म्हणून पडून आहे.
स्वच्छ प्रत काढायला घेतली की अडतं.

ती अडीचला आली. हसली. सही केली.
पुढे माझ्या रजेत माझं टेबल तिने ओढलं,
डब्यातली तिसऱ्यांची एकशिपी
झाकणात काढून माझ्याकडे सरकवली,
टाचेचा व्रण पाहून एकदाच म्हणाली,
"कालव वाईट. आत राहतं."

रत्नागिरीला सुनावणी झाली.
साहेब फाईल मिटत म्हणाले,
"ओहोटी काय, बाई, रोजच असते."
"दोनदा असते," ती म्हणाली,
आणि पर्स उचलून उभी राहिली.
बाहेर आल्यावर मला म्हणाली, पेढे हर्णैतनं नको, दापोलीतनं आणा.

काल जुनं कपाट उघडलं.
त्या वर्षीची भरती-ओहोटीची पुस्तिका
जून ते डिसेंबर वाळवीने खाल्लेली,
फेब्रुवारी शाबूत.
तारीख सापडली. अकरा वीस, नीचतम.
झेरॉक्स काढली. खाली लिहिलं,
त्या सकाळी ती खाडीत होती,
आणि हे मला माहीत होतं.
तीन ओळी. त्यातली एक खोडून पुन्हा तीच लिहिली.

आवक-जावकचा पोरगा नवा आहे.
"काका, विषय काय घालू?"
म्हटलं, ओहोटी.
तो हसला नाही. "फाईल कुठली?"
संकीर्ण.
त्याने शिक्का मारला, क्रमांक टाकला,
भिंतीकडे बघून वेळ घातली : बारा दहा.

संध्याकाळी पुलावरून घरी.
खाली काठाला ती होडी पालथी, डांबर उडालेलं.
स्कूटर थांबवून वाकून पाहिलं.
पाणी येत होतं की जात होतं,
वरून कळलं नाही.