कच्चं लिंबू

पुलावर मी मुद्दाम उजेड कमी ठेवला होता.
अंबडच्या ऑफिसात तीन रात्री बसून
कठड्याची उंची अशी मोजली
की समोरच्याला मारल्याशिवाय कुणी पार होऊ नये.

आता आकडे बघतोय. पुलावरचे बळी: शून्य.
आहेर म्हणाला, बग असेल.

म्हणून काल सिडकोतल्या खोलीतून
खोट्या नावाने आत शिरलो.
पुलाशी येणारा जो तो
दोनदा गुडघ्यात वाकतो, तलवार पाठीला लावतो,
खांद्याला खांदा घासत पलीकडे जातो.
हे कुठेच लिहिलेलं नाही. निदान मी तरी नाही.

मी वाकलो नाही. कुणी रागावलंही नाही.
तेवढ्यात लाइट गेली,
चाळीस मिनिटं, पार त्रिमूर्ती चौकापर्यंत काळोख.

परतलो तर माझा गडी तिथेच, उघड्यावर,
आणि त्याच्यापुढे ढाली धरून
शत्रूकडचेच दोघे.
एकाने टाइप केलेलं:
राहू दे रे, कच्चं लिंबू आहे.

हे मला. पूल ज्याने बांधला त्याला.

सकाळी बगच्या रकान्यात लिहिलं, आढळला नाही.
कठडा तेवढा वीतभर बुटका केला,
बसता यावं म्हणून.