कंपासपेटी

शनिवारी शाळेच्या भिंतीवर चादर ठोकून
कार्टूनचा सिनेमा लावला.
खिडक्यांना खताची रिकामी पोती.
औसा तालुक्यातलं ऊन तरीही पोत्याच्या विणीतून शिरून
पडद्यावरच्या जंगलात ठिपके पाडत होतं.

गोष्ट एका सोनकिड्याची.
त्याला आई आहे, त्याला विनोद कळतात.
मग ती येते.
पाचेक वर्षांची, गुडघा खरचटलेला, हातात बरणी.
कॅमेरा जमिनीवर, म्हणून आधी चप्पल दिसते,
मग नाकपुड्या.
आणि ढोल असे, की बाकं थरथरली,
अन् शिपाई इस्माईलमामू
किल्ल्या तिथंच टाकून पटांगणात जाऊन उभे राहिले.
त्र्याण्णवपासून त्यांचं असंच आहे.
मी इथं नवीन, मला वाटलं लघवीला गेले.

ती त्याला चिमटीत धरते, गालाला लावते.
अख्ख्या सिनेमात तिला एकच वाक्य :
"माझं बाळ, माझं बाळ."
पोरं ओरडली, हाण तिला, हाण!
बरणी फुटली, सोनकिडा सुटला,
कॅमेराही त्याच्याबरोबर उडून गेला.
काचा कुणी वेचल्या, दाखवलं नाही.
शेवटच्या नावांत सोनकिड्याच्या मावशीलासुद्धा नाव होतं,
तिच्यापुढं नुसतं 'मुलगी'.

टाळ्यांत रुद्राणी तेवढी गप्प. दुसरीतली.
तिच्या कंपासपेटीत काय असतं, सगळ्या वर्गाला ठाऊक :
बाभळीचा कोवळा पाला,
अन् हिरवं चमकणारं ते.
त्याला ती पाढे म्हणून दाखवते.
झाकणाला कर्कटकानं भोकं पाडलीत, श्वासासाठी, नऊ.

"सर, तिला कुणी सांगितलंच नव्हतं का?"
काय?
"त्याला बोलता येतंय म्हनून."

मी चादरीच्या घड्या घालत राहिलो.
मागच्या महिन्यात पाढा बरोबर आला म्हणून
मी तिचा गाल ओढला होता, लाडानं.
ती मागं सरकली होती.
मला वाटलं, लाजली.

पटांगणाच्या कडेला बाभूळ आहे.
तिनं पेटी उघडून मातीवर ठेवली.
तो लगेच गेला नाही.
कोनमापकावर चढला, चाळीस अंशांच्या आसपास थांबला.
रुद्राणीनं चपला काढून हातात घेतल्या
आणि मागं मागं येत राहिली,
एकेक पाऊल,
जमीन हलणार नाही असं.

मामू अजून तिथंच उभे होते.
"संपला का?" त्यांनी विचारलं.