बिडाची जाळी

चार महिने गच्चीत उघडी पडली होती.
वरची ताडपत्री केव्हाच वाऱ्याने
चांदणी चौकाकडे नेली.
जावई म्हणाला, राहू दे मम्मी, नवी मागवतो.

बावधनच्या या अकराव्या मजल्यावर
सगळ्या दुखण्यांवर हाच एक काढा.

मी काही बोलले नाही.
मेल्विन नि मृदुला कामावर गेल्यावर
जाळी उचलून ड्राय बाल्कनीत आणली.
वजनाला चांगली. ठोकून पाहिली,
ठण्ण नाही, ठक्क वाजली. म्हणजे बीडच.
आमच्या घावनाच्या तव्याची चुलत बहीण.

गंज वरवरचा होता.
त्याखाली गेल्या फेब्रुवारीतली पार्टी,
सळ्यांना धरून बसलेली, काळी, चिवट.
कशाची, ते मी विचारलं नाही.
त्या रात्री मी दार लावून आत
बातम्या बघत होते. दोनदा त्याच बातम्या.

जन्मात जे ताटात घेतलं नाही
ते उलथन्याने खरवडताना वाटलं होतं, मळमळेल.
शिंक आली फक्त.
जळल्यावर सगळं कोळसाच. वांग्याचा काय,
नि दुसऱ्या कशाचा काय.
असो.

त्यांचा तारेचा ब्रश मी कचऱ्यात टाकला.
एक तार तुटून सळीला बिलगली होती, केसाएवढी.
कोणाच्या घशात गेली असती म्हणजे?
मग नारळाची शेंडी, जाडं मीठ, आणि कोपर.
कोपराला या वयात नवी मागवता येत नाही.

चार वाजता त्यांची शेगडी पेटवली.
कोळसा कसा फुलवायचा ते मला
व्हिडिओत बघावं लागत नाही.
भिंतीवरच्या कालनिर्णयाचा सप्टेंबर फाडला,
तोही संपलाच होता, आणि वारा घातला.
जाळी तापली. अर्धा कांदा काट्याला टोचून
सळ्यांवरून ओढला,
चर्र झालं, आणि शेजारच्या गॅलरीतून
साठे वहिनींनी खोकून हजेरी लावली.

तेल करडईचं, घाण्यावरचं.
कापड म्हणजे यांच्या बनियनचा तुकडा.
कपाटात सात होती. आता सहा.

तेल लावायचं,
आणि मग लावलंच नव्हतं अशा बेताने पुसून काढायचं.
जास्त राहिलं की चिकटा होतो, त्यावर धूळ बसते.
अजिबात नाही लावलं तर गंज.
मुलीच्या घरात किती राहायचं, कितपत दिसायचं,
तेही साधारण असंच.
मला जमतं. दर वेळी नाही.

शनिवारी मेल्विनने झाकण उघडलं
आणि नुसता बघत राहिला.
"मम्मी, कोणी केलं?"
"गंज बघवत नाही मला," म्हटलं.
मग त्याने कुठूनशी तांब्याची तार आणली,
जाळीच्या डाव्या तिसऱ्या हिश्शावर आडवी बांधली.
"ही तुमची बाजू."
मी हसले. अरे, धूर काय तुझी तार बघून वळणार आहे?
पण वांगं ठेवलं. दोन मिरच्या ठेवल्या.
खुर्ची थोडी पुढे ओढली.

त्याच्या मित्रांपैकी एक, फ्लॉइड नावाचा, दाढीवाला,
माझं भरीत पावाला लावून तीनदा खाऊन गेला
आणि जाताना वाकून नमस्कार करायला लागला.
मी म्हटलं, हात आधी धू.

साडेअकराला सगळे गेले. मी भांडी आवरत होते.
गच्चीतून हाक आली,
"मम्मी, कांदा गोल फिरवायचा की उभा?"
"उभा. सळीच्या दिशेने. आणि गरम आहे तोवर."
बाहेर जाऊन पाहिलं.
कांदा ठीक धरला होता. तेलही बेताचं.
पण हातातलं कापड पांढरंशुभ्र,
धडधाकट बनियन, मधोमध फाडलेलं.
"अरे, हे कशाला फाडलंस?"

"राहू दे मम्मी," म्हणाला. "नवं मागवतो."