कंसात

घणसोली गावठाणात आम्ही तीन निकेश भोईर.
कुरिअरवाला फोनवर विचारतो,
तळ्याजवळचे, देवळामागचे, की कंप्युटरवाले?
कंप्युटरवाला मी.

महापेला पाचव्या मजल्यावर
बत्तीस फायलींतून आम्ही एक बिल काढतो,
वाशीच्या बाजारातल्या कांदा-बटाट्याच्या गाळ्याचं.
हमालीच्या फायलीत एक ‘एकूण’,
तोलाईच्या फायलीत एक ‘एकूण’.
आपापल्या जागी दोघंही शहाणे.
बिल्डमध्ये एका मोटेत बांधले
की दुसरा पहिल्याच्या छातीवर बसतो,
आवाजसुद्धा न करता.
गुरुवारी पहाटे अडीचशे गोणींच्या हमालीसमोर
तोलाईचा आकडा छापून आला.
शेठ जे बोलले ते इथे नको.

हर्षदा म्हणाली, नावं बदलत बसू नकोस.
उद्या आडतीची फाइल येईल,
तीही ‘एकूण’च म्हणणार. दुसरं काय म्हणेल?

रात्री जेवायला आईची हाक, दादूस.
शेजारून वनीकाकीची, दादूस.
समोरच्या ओटीवरून, दादूस, मासली थंड झाली.
एका गल्लीत चार दादूस,
आजवर कोणी दुसऱ्याच्या ताटावर बसला नाही.

सकाळी बिल्डमध्ये दोन ओळी वाढवल्या.
प्रत्येक फायलीच्या डोक्याशी
एक उघडा कंस आणि बिननावाचं फंक्शन,
पायाशी कंस बंद,
मग दोन रिकामे कंस, म्हणजे:
ऊठ, आत्ताच.
नाव नाही, तर बोलावणार कोण?
कंसाच्या कैदेत जन्मायचं
आणि कुणाला जाग यायच्या आत निघायचं,
टोपली नाही, यमुना नाही.
आतले ‘एकूण’ आतच,
खिडकीतून बाहेर फक्त बिल.

तरी कोसळलं.
एका जुन्या फायलीनं शेवटचा अर्धविराम
दिलाच नव्हता. माझा पहिला कंस
तिच्या शेपटीला चिकटला,
जे फंक्शनच नव्हतं त्याला हाक मारून बसला.
हर्षदानं माझ्या कंसाआधी एक अर्धविराम ठेवला.
परक्या ओसरीवर पाऊल टाकण्याआधी
खाकरतात ना, तेवढाच.

शुक्रवारचं बिल बरोबर निघालं.
शेठचा फोन आला नाही, म्हणजे बरोबरच.

घरी पोचलो. गल्लीच्या तोंडाशी
नवा कुरिअरवाला, फोनची बॅटरी संपलेली,
खोकं डोक्यावर धरून ओरडतोय,
निकेश भोईर!

तीन दारं उघडली.