व

वडाळ्याला, मिठागराच्या काठावरच्या वस्तीत
आम्ही सर्वेक्षणाला गेलो
तेव्हा पत्रे उन्हाने तडतडत होते.
माझ्याजवळ खडू, पाटी, मोजपट्टी
आणि एक परिपत्रक:
झोपडी पात्र ठरली तर खोली
नवरा-बायको दोघांच्या नावे.

दारात फोटो काढायचा.
दोघांनी मिळून पाटी धरायची,
पाटीवर झोपडीचा नंबर.
केसर ठोंबरे म्हणाली, माझं कशाला,
माझे हात पिठाचे आहेत.
धोंडिराम म्हणाला, एकट्याचं लिहा हो,
तिचं म्हणजे मीच की.

"तसं चालत नाही आता."

चालत नाही हे
मी कुणा पुरुषाला पहिल्यांदाच सांगत होते
आणि माझ्या पाठीशी शासन उभं होतं,
निदान त्याचा गोल शिक्का.

पाटी तिने इतकी वर धरली
की फोटोत कपाळावरचं कुंकू तेवढं आलं.
फाइलला तेवढं पुरलं.

यादीत मी लिहिलं:
धोंडिराम सखाराम ठोंबरे
व
केसर धोंडिराम ठोंबरे.
तिच्या नावातही तो होताच पुन्हा.
पण मधला व माझा.
माझा कसला, परिपत्रकाचा.
मंत्रालयातल्या कुठल्याशा टेबलावर
कुणी तो सुचवला असेल, कुणी खोडला असेल,
कुणा बाईने जेवणाच्या सुट्टीआधी
गुपचूप परत घातला असेल.
माझ्या हातून जरा ठळक उतरला, इतकंच.

(माझा फ्लॅट बदलापूरला.
हप्ता माझ्या पगारातून.
करारनाम्यावर नाव एक.
मी विचारलंच नव्हतं.)

मग चौदा वर्षं.
हरकती, सुनावण्या, एक बिल्डर पळाला, दुसरा आला,
संक्रमण शिबिरात ठोंबऱ्यांची दोन बाळंतपणं, एक मयत.
आमच्या कपाटात उंदरांनी फाइलच्या कडा खाल्ल्या.
व मधोमध होता, वाचला.

परवा आले तिघे, वांद्र्याला, माझ्या टेबलाशी.
धोंडिराम, मांडीवर पिशवी घेतलेली केसर,
आणि परफ्यूम मारलेला एक एजंट.
सातव्या मजल्यावरची खोली,
गिऱ्हाईक तयार, मुखत्यारपत्र तयार.
"मॅडम, हिचं नाव नुसतं नावाला आहे.
अंगठा घेऊन टाकू."
आणि त्याने खिशातून शाईचा पॅड काढला.
खिशातून.
माणसं रुमाल ठेवतात तसा.

केसर म्हणाली, अंगठा नाही. पेन द्या.

एजंटने लगबगीने पेन दिलं.
तिने पिशवीतून लाइटबिल काढलं, उलटं केलं,
आणि मान वाकडी करून,
जीभ ओठाच्या कोपऱ्यात धरून
काढलं एकच अक्षर.
आधी पोटातला गोल, मग काना,
मग वरची रेघ, लांब, कागदाच्या बाहेर जाईल इतकी.

"साक्षरता वर्गात बाई शिकवायच्या,
व वजनाचा."

पेनला टोपण लावलं, एजंटपुढे ठेवलं.
"सही येते मला," ती म्हणाली,
"म्हणूनच करत नाही."

धोंडिराम माझ्याकडे बघत राहिला,
जणू मीच हे करून ठेवलं होतं.
मी फाइलच्या नाडीची गाठ सोडली
आणि पुन्हा तीच मारली.

त्या रात्री सातव्या मजल्यावर काय झालं
ते मला माहीत नाही.
त्याला आमच्याकडे रकाना नाही.
दुसऱ्या दिवशी मी तिला फोन लावला.
लागला, उचलला नाही.
तिसऱ्या दिवशी उचलला,
आणि नुसता कुकरच्या शिट्टीचा आवाज आला,
मग ती म्हणाली, आहे मी. घरीच आहे.

लाइटबिल माझ्याच टेबलावर राहिलं होतं.
ते पर्समध्ये घालून बदलापूरला गेले.
जेवणं झाल्यावर विचारलं,
आपला करारनामा कुठल्या कपाटात असतो हो?

"कशाला?" आतून आवाज आला.

मी आधी चष्मा पुसला.