पेन वर

सित्राला तेलाच्या टाक्यांमागे आमचं ड्रॉइंग ऑफिस.
साल चौऱ्याण्णव. माऊस एकच, तोही साहेबाच्या टेबलावर,
आणि त्याच्या पोटात वाळू.
आम्ही अक्षरांनीच चित्रं काढायचो.

दस्तगीर पारकर, मूळचे दाभोळचे, त्यांनी शिकवलं:
पीयू म्हणजे पेन उचल.
पीडी म्हणजे टेकव.
पीए म्हणजे जा, कुठे ते आकड्यांत सांग,
मिलिमीटरला चाळीस पावलं.
वाक्य संपलं की अर्धविराम. विसरलास तर
प्लॉटरचा हात राहील ताटकळत, बिचारा.
"यंत्राला 'जरा तिकडे' कळत नाही, ढवळे.
तिकडे म्हणजे किती, ते तुला ठाऊक पाहिजे."

बघणाऱ्याला वाटावं, वाण्याची उधारीची वही.
तिच्यात एक अख्खं पंपघर असायचं,
तीन झडपा, जिना,
जिन्याचा कठडासुद्धा.

पुढे त्यांचे डोळे गेले. एकदम नाही.
आधी पडद्यावरच्या बारीक रेषा, मग आकडे,
मग करकच्या पेल्याची कड.
कंपनीला कळू दिलं नाही. मला कळवलं
ते एका शब्दात: "वाच."

बाहेर पत्रे तापून करकरत असायचे,
मी वाचायचो.
पीडी. पीए, बाराशे, चारशे चाळीस.
त्यांची मान किंचित कलती,
बोट टेबलाच्या काचेवर चाललेलं.
"थांब. चारशे चाळीस? चारशे चार असेल.
नाहीतर पाइप जाईल मुकादमाच्या मोरीतून."
पाहिलं. खरंच जात होता.

परवान्याच्या वैद्यकीय तपासणीला
डॉक्टरने भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला.
तो तक्ता आदल्या दिवशी त्यांना वाचून दाखवायला
मला कुणी नेलं नव्हतं.

पंधरा दिवसांत हिशेब, तिकीट, दोन ब्लँकेटं, खोकं दोरीने आवळलेलं.
निघताना खिशातून फ्लॉपी काढली.
"सवडीने लाव. साधा मजकूर आहे."

मी कोरा कागद चढवला, मोठा, पूर्ण मापाचा.
काळ्या पेनचं टोक ओलं करून घेतलं, धुळीने सुकायचं ते.
हात निघाला.
उजवीकडे लांबवर गेला, थांबला,
दोन पावलं मागेपुढे केली, परतला.
पुन्हा गेला. पुन्हा.
चार मिनिटं.
कागदावर काही नाही.

फाइल उघडली. तीनशे बारा ओळी.
पहिलीच पीयू,
आणि पीडी कुठेच नाही.

विसरले म्हणावं,
तर माझ्या आवाजातलं जास्तीचं शून्य पकडणारा माणूस.

दुसऱ्यांदा चालवली तेव्हा एसी बंद केला.
मोटर आधी घरघरते, मग एकसुरी होते,
मधोमध, पाण्याला ओढ असावी तशी, तिरकी सरकते,
काठाशी आवाज खाली उतरतो.
मग ते मागेपुढे, जितका वेळ
पाट्या चढतात, माणसं चढतात, एखादी शेळी.
मग उलट.

मी बार्शीचा. खाडी पाहिली नव्हती तोवर.
पण पलीकडे जाणारी लाँच
ऐकून कळते.

मधल्या काळात प्लॉटर भंगारात गेला,
फ्लॉपीला बुरशी धरली. त्याआधी मी मजकूर उतरवून घेतला होता,
एका मशीनवरून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या.
अजून उघडतो. अक्षरंच ती, त्यांना काय होतंय.
चालवायला मात्र काही उरलं नाही.
म्हणून वाचतो, मोठ्याने, बोट टेबलावर ठेवून.

पीडी घालायचं मनात आलं नाही असं नाही.

परवा एका जागी बोट अडलं.
ओळ दोनशे सहा, ओळ दोनशे सात:
तोच बिंदू, दोन्ही वेळा.
चूक असेल.
किंवा उतारावरून कुणी हात करत धावत येतंय,
आणि लाँच सुटायची
थांबलीये.