माप

लारेडोत दुपारी पत्रा भाजतो.
एलेउतेरिओ गॅरेजचं दार अर्धं ओढून घेतो,
जुन्या कटलासच्या डिकीत डोकं घालतो
आणि डावा कोपरा चिकटपट्टीनं मढवतो:
तिथे चाकाची कमान पोक काढून बसलीय
आणि कुणीतरी मागून ठोकल्याचं टेंगूळ.

पट्टीवर काचेच्या धाग्यांची चटई, चटईवर रेझिन.
हार्डनरचे थेंब मोजताना तो बोलत नाही.
उन्हाळ्यात दोन थेंब जास्त झाले
की डबा हातातच धुमसतो.
चार थर. मध्ये एक रात्र.
मनगटांत कुसं, आंघोळीनं न जाणारी.

साचा निघाला तेव्हा
टेंगळाची त्याच्या गालावर खळी झाली होती.
पुट्टी होती जवळ. भरली नाही.

आता पोकळी किती लिटर?
माप घरात एकच, आईचं.
डोन्या रेफुहिओचा सगळा घेवडा
त्यानं पेटीत ओतला, मोजला, परत भरला.
तिनं हुंगला. "हा कोंबड्यांनाही नको,"
म्हणाली, आणि धुतला, परत धुतला,
आणि शेवटी परसात पेरून टाकला.

रविवारी तार जोडली.
आधी नंबरप्लेट थरथरली, मग शेजारचं कुत्रं,
मग त्याच्या छातीचा पिंजरा.
आणि प्रत्येक खोल ठोक्यामागे, जरा उशिरानं,
टिक्.

स्क्रू आवळले. प्लेटमागे फोम लावला.
टिक्.

आई पायरीवर बसून ऐकत होती.
"एक आत राहिलाय," ती म्हणाली.
"पेरताना मला वाटलंच, माप कमी भरलं."